भाऊजींचा टॉवर आणि सुनेचं मशीन

घरात राहायचं आणि घरच्यांशी बोलायचं नाही, अशा माणसाला बाकीचे लोक काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे त्याला भाऊजी म्हणतात.

माझे धाकटे दीर. आयुष्यभर टेलिफोनच्या ऑफिसात वायरी जोडल्या, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर वरची खोली जी धरली ती धरलीच. तिथे त्यांचा रेडिओ. ऐकायचा नव्हे, बोलायचा. रीतसर परीक्षा देऊन परवाना काढलेला. परसात तीन पायांचा लोखंडी टॉवर, घराच्या दुप्पट उंच, आणि त्याच्या डोक्यावर माशाच्या काट्यासारखी अँटेना. त्या काट्यातून हे गृहस्थ समुद्रापलीकडच्या माणसाला अगत्यानं विचारणार, तब्येत कशी आहे, झोप लागते का. आणि खाली मी ताप येऊन पडले असले, तर माझ्या दारावरून सरळ पुढे जाणार. एकदा मी हाक मारून सांगितलं, "भाऊजी, मीही आहे हो इथे. माझा नंबर लावा कधीतरी." तर म्हणाले, "वहिनी, पंप बंद करायला सांगा ना जरा."

कारण ते बोलायला बसले की सगळ्या घरानं गप्प बसायचं. माणसांनी नव्हे, वस्तूंनी. मिक्सर बंद, पंप बंद, स्वयंपाकघरातली फडफडणारी ट्यूब बंद. का, तर रेडिओत खरखर येते. आली की वरून काठी आपटायची. कुठल्या ठोक्याला काय बंद करायचं हे आम्हांला पाठ झालं होतं, शाळेत काही पाठ झालं नाही तेवढं.

सगळ्यांत जास्त काठी वाजायची ती सुनेसाठी. तिची शिवणाची खोली बरोबर त्यांच्या खाली. इस्पितळाची कामं घेते ती, डॉक्टरांचे डगले, पेशंटचे झगे, चादरी. लोखंडी टेबलाचं मोठं मशीन, खाली मोटर. हात असा की कापड नुसतं बोटांत घेतलं की सांगेल, हे धुतल्यावर आटणार, हे नाही. मुलगा कारखान्यात पाळीवर जातो, येतो, झोपतो. घर चालतं ते सुनेच्या पायाखालच्या मशीनच्या पेडलवर. बोलायला कमी, पण बोलली की लागतं. एकदा काठी फारच वाजली तेव्हा जिन्यात उभं राहून म्हणाली, "काका, तुमचे मित्र उद्याही तिथेच असतील. माझी ऑर्डर नसेल." थोड्या वेळानं पुन्हा काठी.

सगळी खरखर आमचीच होती असंही नाही. पाऊस यायच्या आधी कोरडं वारं सुटतं, धूळ उडते, तेव्हा त्यांच्या रेडिओत काहीतरी सूं सूं करत चढत जायचं आणि किंचाळायला लागायचं. मी त्यांना विचारलं, हे कोणाचं मशीन? तेव्हा मात्र भाऊजी खुलले. त्या दिवशी ते माझ्याशी जेवढं बोलले तेवढं मी सून म्हणून या घरात आल्यापासून बोलले नव्हते. म्हणाले, लोकरीचा कपडा अंगातून काढताना चटचट होतं की नाही? तसंच वारा आणि धूळ अँटेनावर घासतात आणि तिच्यावर वीज साठते. तिला जमिनीत जायला वाट दिली तर ती गुपचूप उतरते. वाट नसली तर ठिणग्या टाकत बसते, तीच खरखर. म्हणून टॉवरच्या पायांशी तांब्याच्या सळ्या ठोकलेल्या. म्हणून टॉवरपासून घराच्या मीटरपर्यंत, घराच्या अर्थिंगला जोडून, तांब्याची रुंद पट्टी घातलेली. "वरून मोठी वीज आली वहिनी, तरी टॉवर आणि घर विजेच्या दाबानं एकदमच वर जातात, एकदमच खाली येतात. मधे कोणाला धक्का नाही."

मला पटलं. एका घरातल्या माणसांचंही तसंच असतं. पण मी बोलले नाही, कारण बोलले असते तर ते थांबले असते.

टॉवरच्या टोकाला त्यांनी तारांचा एक झुबका बसवला होता. मी म्हटलं, आकाश झाडायला खराटा लावलात का? म्हणाले, त्या टोकांतून वीज हळूहळू गळून जाते. खरंच जाते का, विचारलं तर म्हणाले, यावर वाद आहेत. आणि माझ्या काचेच्या बरण्या. ढग आले की भाऊजी अँटेनाची वायर रेडिओतून उपसून तिचं टोक काचेच्या बरणीत घालून ठेवायचे. माझी साखरेची बरणी गेली, बटणांची गेली.

"कोसभर आकाश फाडून येते ती," मी म्हटलं, "आणि तुमची बरणी बघून लाजून परत जाणार?"

"पद्धत आहे वहिनी आमच्यात. जुने लोक करत आले."

जुने लोक म्हणजे कोण, तर रेडिओवरचेच. त्यांची जात वेगळी, त्यांचं सोवळंओवळं वेगळं.

मग एके दिवशी काठी वाजायची थांबली.

मशीन चालू, पंप चालू, मिक्सर चालू, आणि वर शांत. सून मशीन थांबवून छताकडे बघायला लागली. "आई, काका बरे आहेत ना?" मी वर जाऊन बघितलं. भाऊजी कानाला हेडफोन लावून बसले होते आणि चेहरा असा, की लहान बाळ झोपेत हसतं तसा. संध्याकाळी स्वतः होऊन स्वयंपाकघरात आले, पाटावर बसून चहा प्यायले. म्हणाले, "सापडलं. खरखर कुठून यायची ते सापडलं." मी विचारलं कुठून, तर हात हलवून म्हणाले, "तुम्हांला नाही कळणार." कपही विसळून ठेवला. तो दिवस मी लक्षात ठेवला आहे.

वीज पडली ती त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी. गडगडाट अजून लांब होता. भाऊजींनी रिवाजाप्रमाणे वायर बरणीत घातली, खाली आले, दारात उभे राहून ढग बघत होते. मी सुनेला म्हटलं, बंद कर आता. ती म्हणाली, "एवढी शिवण घालते आणि उठते."

आधी खोली पांढरी झाली. आवाज नंतर आला. सून स्टुलासकट भिंतीवर जाऊन आदळली होती, मशीनच्या मोटरीतून धूर येत होता आणि रबर जळल्याचा वास. मी तिला हलवलं तर डोळे उघडे होते. म्हणाली, "आई, माझा हात कुठे आहे?" हात तिच्या मांडीवरच होता.

डॉक्टर म्हणाले, दैव चांगलं. हृदय ठीक, हाड ठीक. पण उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांना काही कळेना. गरम गार कळेना, सुई टोचलेली कळेना. परत येईल म्हणाले, सावकाश येईल, सगळं येईलच असं लिहून देता येत नाही. घरी आल्यावर ती मशीनपाशी गेली, एक झगा उचलला आणि खाली ठेवला. "धरलंय की नुसती हवा आहे, समजत नाही," एवढंच म्हणाली.

आणि भाऊजी काय म्हणाले? म्हणाले, मशीनची मोटर जुनी. "मी कधीपासून सांगतोय, ते मशीन खरखर करतं. दोष असल्याशिवाय करेल का?" माझा टॉवर नियमानं आहे, पट्टी बघा, सळ्या बघा. वायरमन आला, त्यानं घरातलं अर्थिंग तपासलं, म्हणाला हे तर उत्तम आहे. टॉवरकडे मान वर करून बघितलं आणि हात झटकले. "ते साहेबांचं साहेब जाणोत."

भाऊजींनी सुनेपुढे उभं राहून सांगितलं, की मशीन या घरात नको. दुसरीकडे कुठेतरी ठेव. तिचा हात गळ्यात बांधलेला आणि हे तिला मशीन उचलायला सांगत होते. मुलगा बोलला. "मशीन नको तर आम्हीही नको. दोन खोल्या बघतो आणि जातो." त्यानं खरंच खोल्या बघायला सुरुवात केली. म्हणजे मी, भाऊजी आणि समुद्रापलीकडचे ते लोक, असं घर उरणार होतं.

या घरात वाद झाला की तो माझ्याकडे येतो. आमचे हे असतानाही माझ्याकडेच यायचा, ते नुसते मान हलवायचे. मी सगळ्यांना बसवून सांगितलं. "भाऊजी, तुमच्यातलाच कोणी जाणता माणूस बोलवा. तुमच्या पसंतीचा. तो म्हणाला मशीनचा दोष, तर मशीन जाईल, आणि ही दोघं जातील तर जाऊ देत, मी अडवणार नाही. तो म्हणाला टॉवरचा, तर टॉवर जाईल." भाऊजी लगेच हो म्हणाले. मला वाटलं, इतक्या पटकन हो म्हणतोय म्हणजे माणूस खरा असणार. तेवढी मी भोळी.

त्यांनी बोलावलं ते घोगरेबुवांना. हे नाव माझं. त्यांना रेडिओवर अक्षरांचं आणि आकड्यांचं काहीतरी नाव आहे ते माझ्या जिभेवर बसत नाही. पण तो घोगरा आवाज छतातून इतका ऐकला होता, की दार उघडल्यावर माणूस ओळखायच्या आधी मी आवाज ओळखला. आयुष्यभर जहाजावर वायरलेस चालवलेला. मला वाटलेलं आडदांड असेल. निघाला बारकासा, स्वेटरला कोपरावर ठिगळ.

"वहिनी तुम्हीच का?" म्हणाले. "तुमचा मिक्सर मी चांगला ओळखतो."

"आणि मी तुमचा खोकला. औषध घेत जा."

चहा आधी नको म्हणाले. आधी परसात गेले. भाऊजी पुढे पुढे, इथे सळी, इथे पट्टी, हा खराटा. घोगरेबुवा प्रत्येक पायाशी उकिडवे बसले. मग पट्टीच्या कडेकडेनं घरापर्यंत चालत आले आणि मीटरखाली, जिथे ती अर्थिंगला जोडलेली आहे, तिथे बराच वेळ बसून राहिले. मीही मागे उभी.

"पट्टी काळी पडलीये," ते म्हणाले. "बोल्ट मात्र नवरदेवासारखे चकचकीत."

"बदलले," भाऊजी म्हणाले. "गंजले होते."

"कधी बदलले?"

"झाले असतील थोडे दिवस."

घोगरेबुवा खोकले. मी परसाच्या कोपऱ्यात बघत होते. तिथे पाण्याच्या टाकीमागे गवतावर पिवळा गोल पडला होता. गवतावर एखादी वस्तू पडून राहिली की ती उचलल्यावर असा गोल दिसतो, परात विसरली तरी दिसतो. परातीपेक्षा मोठा होता, आणि मधे हिरवा. म्हणजे काहीतरी लांबलचक गुंडाळी करून तिथे ठेवलेलं होतं. मी एकदा गोलाकडे बघितलं, एकदा पट्टीकडे, आणि मग भाऊजींकडे. भाऊजी आकाशाकडे बघत होते. आकाशात काही नव्हतं.

मी तोंड उघडणार होते. पण म्हटलं, मी विचारलं तर ते मला उत्तर देतील. त्यांनी उत्तर दुसऱ्या कोणाला द्यायला हवं.

आत येऊन घोगरेबुवांनी वरची खोली बघितली. मग खाली येऊन मशीन बघितलं, जळलेली मोटर नाकाशी धरली. शेवटी सुनेसमोर खुर्ची ओढून बसले. "हात बघू का, पोरी?" तिनं गळ्यातली पट्टी सोडून हात पुढे केला. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि खोलीतली कापडं एकेक तिच्या बोटांत दिली.

"सुती," ती म्हणाली. ती चादर होती, सुतीच. पण तिनं आवाजावरून सांगितलं, सरसरली तशी.

दुसऱ्या वेळी त्यांनी आवाज होऊ दिला नाही. तिची बोटं चाचपत राहिली. "झग्याचं," ती म्हणाली. बोटांत काहीच नव्हतं.

तिनं डोळे उघडले आणि रिकामी चिमूट बघितली. भाऊजी दाराच्या चौकटीला टेकून होते.

"मशीनबद्दल मला विचारलं होतंत," घोगरेबुवा माझ्याकडे वळून म्हणाले. "मशीनमध्ये दोष नव्हता. वीज त्याच्यातून आली नाही, त्याच्याकडे आली. कुठल्या वाटेनं आली ते मी सांगू शकतो. पण ते सांगणारा माणूस इथे उभा आहे." आणि भाऊजींना म्हणाले, "बोल रे बाबा. रेडिओवर तुला थांबवावं लागतं."

भाऊजी बोलले. चौकटीला टेकूनच, जमिनीकडे बघत.

खरखर त्या पट्टीतून यायची. सुनेच्या मोटरीतला किरकिराट घराच्या अर्थिंगमध्ये उतरायचा आणि पट्टीवरून टॉवरला, तिथून रेडिओत. हे त्यांनी शोधून काढलं. आणि पट्टी सोडली. गुंडाळून टाकीमागे ठेवली. टॉवरचं अर्थिंग टॉवरला, घराचं घराला.

"मग इतकी शांतता झाली," ते म्हणाले, "की मी तशी कधी ऐकलीच नव्हती. एका बेटावरचा माणूस आहे. त्याला ऐकायला मी किती वर्षं बसतोय. तो शेजारच्या खोलीत बोलल्यासारखा आला."

"आणि वीज पडली तेव्हा?" मुलानं विचारलं.

"टॉवर एकटा वर गेला. घर खाली राहिलं. बरणीतली वायर तशीच राहिली, तिला काही झालं नाही. पण अँटेना फिरवायची मोटर आहे ना वर, तिची वायर मी काढली नव्हती. ती कोणी काढत नाही. मीही काढली नाही. ती माझ्या खोलीत, तिथून भिंतीतल्या वायरीत, तिथून..." त्यांनी मशीनकडे हात केला.

"पट्टी पुन्हा कधी लावली?" हे सुनेनं विचारलं. आवाज न चढवता, माप विचारावं तसं.

"त्याच संध्याकाळी. तुम्ही सगळे इस्पितळात होतात."

"म्हणजे मी घरी आले तेव्हा तुम्हांला माहीत होतं."

"होतं."

"आणि मला म्हणालात, मशीन उचल."

भाऊजींनी होकाराची मान हलवली.

मग घोगरेबुवांनी दोन गोष्टी सांगितल्या, शिव्या द्याव्यात तशा. पहिली, खरखर जिथे जन्मते तिथेच तिला मारायची असते. मोटरीच्या वायरीवर खरखर अडवणारी काळी कडी बसवायची, हे यालाही माहीत होतं. पण त्यासाठी पोरीच्या खोलीत येऊन बसावं लागलं असतं, तिच्याशी बोलावं लागलं असतं. दुसरी, रेडिओ माडीवर ठेवणं हाच मुळात गाढवपणा. सगळ्या वायरी घरात एकाच ठिकाणी याव्यात, जमिनीलगत, मीटरपाशी, आणि तिथेच सगळ्यांनी एका अर्थिंगला बांधून घ्यावं. बांधून घेतलं की मग शांतता नाही मिळाली तरी चालते.

"काही बघायचं नाही आता," मुलगा म्हणाला. "उद्या माणसं आणतो आणि पाडून टाकतो."

"मीच उतरवतो," भाऊजी म्हणाले. "वहिनींचा शब्द होता. टॉवरचा दोष निघाला तर टॉवर जाईल." हे म्हणताना मात्र त्यांनी मान वर केली, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. टॉवर उतरवायचा, वर जाऊन दार लावायचं, झालं प्रायश्चित्त. पुन्हा कोणाशी बोलायला नको.

मी सुनेला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"टॉवर पाडून माझी बोटं येणार आहेत का?" ती म्हणाली. "नाही ना? मग मला लोखंडाचं काय करायचंय? माझे झगे पडलेत तिथे. ते कोण शिवणार ते सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. घोगरेबुवासुद्धा. मी पदर सारखा केला.

"भाऊजी, इकडे या. चौकट सोडा, ती पडत नाही. टॉवरचा दोष निघाला तर टॉवर जाईल असं म्हणाले होते मी. टॉवरचा निघाला नाही. तो बिचारा उभा होता, जिथे उभा केलात तिथे. तो राहील. तुमची वरची खोली मात्र आजपासून बंद. तुमचा रेडिओ खाली येईल, या खोलीत, मीटरच्या भिंतीला, हिच्या मशीनशेजारी, एकाच पट्टीला बांधलेला. हिला जो धक्का लागेल तो आधी तुम्हांला लागेल. नवी मोटर तुम्ही बसवायची, कडी तुम्ही घालायची. आणि हिची बोटं परत येत नाहीत तोवर हिचा उजवा हात तुम्ही. ही सांगेल तसं कापड धरायचं, ही म्हणेल तिथे थांबायचं, आणि शिवण वाकडी गेली तर उसवायचीही तुम्हीच. चला, बसा. हात धुऊन बसा, पांढरं कापड आहे."